ठणकणारी दाढ बधिर का होत नाही?

ओठ जड झालेला, जीभ अर्धी बधिर, आणि तरीही ड्रिल दाढेला टेकताच पेशंट खुर्चीतून उसळतो. रूट कॅनाल करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हा अनुभव असतो. अशा वेळी पेशंटला भित्रा ठरवणं सोपं; पण दुखणं खरं असतं.

दात बधिर करण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं लिग्नोकेन स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलं. वेदनेचा संदेश पुढे जायला मज्जातंतूत सोडियम शिरावं लागतं. लिग्नोकेन ती वाट आतल्या बाजूने अडवतं. म्हणजे आधी त्याला आत जायला हवं. तंतूचं आवरण स्निग्ध असल्याने विद्युतभार नसलेले रेणूच त्यातून पार होतात. निरोगी ऊतींचा सामू (pH) ७.४ असतो, तिथे असे रेणू साधारण चौथा हिस्सा असतात. सूज आली की आम्लता वाढते. सामू ६ पर्यंत घसरला, तर शंभरातला जेमतेम एक रेणू आत शिरण्याजोगा उरतो.

पण सगळं खापर आम्लतेवर फोडता येत नाही. खालच्या दाढेसाठी सुई पार मागे, जबड्याच्या हाडात नस शिरते तिथे देतात. तिथे सूज नसते, तरी इंजेक्शन फसतं! दाह सुरू झाला की नसच बदलते: एरवी शांत असणारे तंतू किरकोळ धक्क्याला पेटतात, आणि लिग्नोकेनला सहजी न बधणाऱ्या सोडियमच्या वाटा वाढतात.

डॉक्टरांकडे यावर उपाय आहेत. दाढेच्या बाजूला आर्टिकेन या दुसऱ्या बधिर करणाऱ्या औषधाचं जादा इंजेक्शन, दात आणि हाडामधल्या फटीत सुई, अगदीच नाही तर थेट दातातल्या मगजात. उपचाराआधी तासभर आयबुप्रोफेन दिल्यास बधिरता चांगली येते, असंही चाचण्यांत दिसलं आहे. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर किंवा गर्भारपण असेल तर मात्र ते परस्पर घेऊ नये.

मेडिकलवाल्याकडून आणलेल्या अँटिबायोटिकच्या 'कोर्स'ने मात्र मगजाच्या दाहाचा ठणका थांबत नाही. तरी आपल्याकडे तो सर्रास घेतला जातो, आणि त्यात मोलाचे दिवस जातात. थंड पाण्याची पहिली कळ आली की डॉक्टर गाठा. आणि खुर्चीत दुखलंच, तर दात-ओठ आवळून सोसू नका, हात वर करा.