विजेच्या मालमोटारी आणि सरकारी अनुदान

बोरघाटांतून रात्रीं प्रवास करण्याचा प्रसंग ज्या वाचकांवर आला असेल, त्यांना चढणीवर मुंगीच्या पावलांनीं सरकणारी मालमोटारींची रांग आणि तिचा धूर यांचें वर्णन करून सांगावयास नको. आपल्या कोठीघरांतील धान्य, मुलांच्या वह्या, वडील मंडळींचीं औषधें, सर्व कांहीं त्या धुरांतूनच दाराशीं येतें. सरकारी आंकडा असा आहे कीं, डिझेलचे ट्रक एकंदर वाहनांत अवघे ३ टक्के. परंतु वाहतुकीपासून होणाऱ्या हरितगृह वायूंपैकीं ४२ टक्के त्यांच्या पदरीं पडतात.

केंद्र सरकारनें सप्टेंबर २०२४ मध्यें काढलेल्या पी. एम. ई-ड्राइव्ह या १०,९०० कोटी रुपयांच्या योजनेंत विजेच्या ट्रकांसाठीं ५०० कोटी राखून ठेवले, ते याच कारणानें. जुलै २०२५ मध्यें त्यांचे नियम निघाले. सुमारें ५,६०० ट्रकांना मदत, प्रत्येकीं अधिकांत अधिक ९ लाख ६० हजार रुपये, आणि जुना ट्रक मोडींत काढल्याचा दाखला आवश्यक. ही शेवटची अट आम्हांस फार पसंत पडली. नवा ट्रक आला आणि जुनाही धूर सोडीत राहिला, तर सरकारी पैसा खर्चून काय साधलें?

गाडी घेतली, पण तिला वीज कोठें मिळावयाची? आपल्या न्हाणीघरांतला गीझर सुमारें २ किलोवॉट वीज ओढतो. मोठा ट्रक लवकर भरावयाचा तर २४० किलोवॉटचा चार्जर हवा, म्हणजे १२० गीझर एकदम सुरू केल्याप्रमाणें! असे पांच-दहा चार्जर एके ठिकाणीं बसवावयाचे तर ११ हजार व्होल्टची वाहिनी आणि स्वतंत्र रोहित्र यांवांचून गत्यंतर नाहीं.

सार्वजनिक चार्जिंगसाठीं योजनेंत २,००० कोटी आहेत. त्यांतून ७२,३०० चार्जर उभारण्याचें ठरलें. पण मूळ वांटणींत दुचाकी-तीनचाकी, मोटारी आणि बस यांचेच आंकडे होते, ट्रकांचा वेगळा आंकडा नव्हता. सप्टेंबर २०२५ च्या नियमांप्रमाणें सर्वांना मोकळ्या असलेल्या सरकारी आवारांत सगळा खर्च सरकार देतें. बंदरें, टोलनाके, सरकारी कंपन्यांचे पेट्रोलपंप येथें वीज आणण्याचा ८० टक्के आणि चार्जरचा ७० टक्के खर्च मिळतो. महामार्गालगतच्या इतर विश्रांतिस्थानीं मात्र वीज आणण्याचे ८० टक्केच. चार्जर ज्याचा त्यानें घ्यावा.

मोठ्या कंपन्यांना याची फारशी झळ नाहीं. त्या स्वतःच्या आवारांत वाहिनी आणूं शकतात. न्हावा शेवा बंदरांत सप्टेंबर २०२५ मध्यें बॅटरी बदलून घेणारे ट्रक सुरू झाले. तेथें फेऱ्या लहान, आणि गाडी फिरून त्याच जागीं येते. परंतु लासलगांवाहून कांदा भरून निघालेल्या एकट्या ट्रकाच्या मालकानें काय करावें? त्याचें आवार म्हणजे रस्त्याची कड. गाडी थांबते ती चालक जेवतो, डुलकी घेतो त्या धाब्यावर, आणि नेमकी तेथेंच मदत तोकडी पडते! धाबेवाल्याच्या नफ्यासाठीं सरकारनें चार्जर कां द्यावा, हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं. पण योजनेची मुदत मार्च २०२८ पर्यंत वाढविली आहे. तेवढ्या अवधींत ट्रकांजोगा चार्जर बसविणाऱ्या धाब्यास टोलनाक्याचाच दर द्यावा आणि तो कोणत्याही मालकाच्या ट्रकास खुला ठेवण्याची अट घालावी, अशी आमची सूचना आहे.