रिकाम्या जागेचे स्मारक

दाराला मूठ नाही आणि ग्रंथांच्या पाठी आतल्या बाजूस वळलेल्या; त्यामुळे एकाही ग्रंथाचे नाव वाचता येत नाही. नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या ६५ हजार ऑस्ट्रियन ज्यूंचे हे स्मारक ऑक्टोबर २००० मध्ये व्हिएन्नाच्या यूदेनप्लाट्झ चौकात उभे राहिले. ग्रंथालय आतून बाहेर उलटवावे, तशी ही काँक्रीटची बंद खोली आहे. चौकोनी पेटीचा आकार आणि एकाच घटकाची पुनरावृत्ती एवढेच तिचे भांडवल. मिनिमलिस्ट शिल्पाचा हा वारसा उघड आहे.

शिल्पकार रेचेल व्हाइटरीड यांनी १९९३ मध्ये लंडनच्या पूर्व भागातील एका जुन्या घराच्या आतून काँक्रीट फवारले आणि मग बाहेरच्या भिंती काढून टाकल्या. साच्यातून वस्तू घडविणे ही शिल्पकाराची जुनी रीत. येथे घर हाच साचा ठरला आणि माणसे ज्या पोकळीत वावरली, ती पोकळी घनरूप झाली. या कृतीच्या वर्षीच त्यांना टर्नर पारितोषिक मिळाले. जानेवारी १९९४ मध्ये मात्र ती पाडून टाकण्यात आली!

हत्याकांडासारख्या विषयाला असली अमूर्त कला पुरी पडेल काय, हा प्रश्न गैरलागू म्हणता येणार नाही. मुके शिल्प अपराध्यांनाही सोयीचे असते. पण व्हिएन्नाने मूर्त शिल्पाचाही अनुभव घेतला होता. १९८८ च्या ह्रडलिच्का यांच्या स्मारकात गुडघे टेकून रस्ता घासणारा ज्यू ब्राँझमध्ये घडविलेला आहे. १९३८ मध्ये ज्यूंची अशी विटंबना खरोखरच झाली होती. परंतु पर्यटक त्या पुतळ्याच्या पाठीवर खुशाल बसू लागले आणि अखेर त्यावर काटेरी तार बसवावी लागली. विटंबना दाखविता दाखविता ती पुन्हा घडली. सायमन विझेन्थाल यांनी नव्या स्मारकाचा आग्रह धरला तो या पुतळ्यावरील नाराजीतूनच.

त्यांच्याही वाट्याला वाद आलेच. रहिवाशांना मोटारी लावण्याच्या जागेची चिंता, दुकानदारांना धंद्याची. त्यातच चौकाखाली १४२१ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या सिनेगॉगचे अवशेष सापडले आणि हेच अवशेष स्मारक म्हणून पुरेसे आहेत, असे काहींना वाटू लागले. हा पक्ष दुबळा नव्हता. पण १४२१ चे अवशेष विसाव्या शतकाची साक्ष कशी देणार?

खोलीच्या चौथऱ्यावर ज्या ज्या ठिकाणी हे लोक मारले गेले, त्या ठिकाणांची नावे कोरलेली आहेत. अमूर्ताला एवढ्या अक्षरांची जोड द्यावी लागली, हे बरेच झाले.