मेंदूचं ऐकणारी तार

शस्त्रक्रिया चालू असते आणि रुग्ण जागा असतो. डॉक्टर त्याचं मनगट वाकवून ताठरपणा किती उतरला ते अजमावतात, आणि सव्वा मिलिमीटर जाडीची तार मेंदूत आणखी किंचित सरकते. पार्किन्सन्समध्ये तिचं ठिकाण बहुधा सबथॅलॅमिक न्यूक्लियस, म्हणजे जेमतेम सेंटीमीटरभराचा पेशींचा पुंजका. पुढे कॉलरबोनखाली बसवलेलं यंत्र तिथे सेकंदाला साधारण १३० वेळा विजेची स्पंदनं पाठवतं.

या डीप ब्रेन स्टिम्युलेशनची आधुनिक वाट १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलला सापडली. कंपावर उपाय म्हणून मेंदूतल्या थॅलॅमस या भागातला बिंदू जाळायची तेव्हा रीत होती. जागा अचूक आहे ना, हे पाहायला मेंदूचे शल्यविशारद आलीम-लुई बेनाबिद आधी प्रवाह सोडत. वारंवारता शंभर हर्ट्‌झच्या आसपास नेली आणि थरथर थांबली. प्रवाह बंद केला की ती परत सुरू! मग जाळायचं कशाला?

जागा मिळाली, तरी यंत्र बरीच वर्षं गरज असो-नसो, चोवीस तास चालत राहिलं. गरज कधी आहे, हे मात्र मेंदूच्या लहरींवरून कळू शकतं: पार्किन्सन्समध्ये सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये १३ ते ३० हर्ट्‌झच्या बीटा लहरी बळावतात, औषधाने ओसरतात. ऑक्सफर्डच्या पीटर ब्राउन यांच्या गटाने २०१३ मध्ये आठ रुग्णांत त्या लहरी चढल्या तेवढ्यापुरताच प्रवाह दिला. निम्म्याहून कमी वेळ वीज देऊनही हालचाल अधिक सुधारली. अशा यंत्राला अमेरिकेत मान्यता मिळाली २०२५ मध्ये.

हाच उपाय नैराश्यावरही करून पाहिला गेला, पण ते काम कितीतरी अवघड. तिथे डोळ्यांना दिसणारा कंप नाही. टोरांटोत हेलन मेबर्ग आणि आंद्रेस लोझानो यांनी मेंदूतला ‘एरिया २५’ हा भाग लक्ष्य म्हणून निवडला. २००५ च्या अहवालात सहापैकी चौघं सुधारले होते. पुढची मोठी चाचणी मात्र मध्येच थांबवावी लागली. माझ्या मते लक्ष्य चुकलं नव्हतं, मोजमाप अपुरं होतं. रुग्ण ‘आज बरं वाटत नाही’ म्हणतो, तेव्हा आजार उलटतोय की माणूस नुसता दुःखी आहे, हे कळायचं कसं? २०२३ मध्ये दहा रुग्णांचा अभ्यास आला. नऊ जण सावरले, आणि एकात आजार उलटण्याच्या सुमारे महिनाभर आधीच तारेने टिपलेल्या मेंदूच्या नोंदी बदलल्या होत्या.

ही माणसं दहाच आहेत, हे विसरून चालणार नाही. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकारावरील मेंदूच्या शस्त्रक्रियेला रुग्णाच्या संमतीखेरीज मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची परवानगीही सक्तीची केली आहे, आणि पुरावा एवढा थोडा असताना ती अट मला रास्त वाटते.