उजेडाचा हिशेब

घरातील वडीलधारी व्यक्ती निवर्तते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात निधनवार्ता द्यावयाची असते, आणि छायाचित्र तातडीने पाठविण्याचा निरोप येतो. घरातील चार-पाच मोबाईल बाहेर निघतात. प्रत्येकात हजारोंनी छायाचित्रे असतात: नातवंडांचे वाढदिवस, सहली, लग्नसमारंभ, ताटातील पदार्थ. आजींचे मात्र एकही धड छायाचित्र सापडत नाही. एकात डोळे मिटलेले असतात, दुसऱ्यात चेहरा अंधारात असतो, तिसऱ्यात त्या पंगतीत वाढताना पाठमोऱ्या दिसतात. अखेरीस कुठल्यातरी लग्नातील समूहचित्रातून चेहरा कापून घेतला जातो, आणि शेजारच्या व्यक्तीचा खांदा तसाच कडेला राहतो. तेच पुसट चित्र मोठे करून, हार घालून दिवाणखान्यात लावले जाते. पुढची पिढी आजींना त्याच चेहऱ्याने ओळखते.

हे कॅमेऱ्याअभावी घडत नाही. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. अभाव असतो तो थोड्या अभ्यासाचा, आणि वेळेवर काढलेल्या अर्ध्या तासाचा. छायाचित्रणाचा छंद नव्याने सुरू करणाऱ्याने निसर्गदृश्ये आणि सूर्यास्त अवश्य टिपावेत. परंतु पहिला धडा घरातील वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर गिरवावा. सूर्यास्त उद्याही होणार आहे.

तिशीत उचललेला कॅमेरा

ही कला लहानपणीच शिकावी लागते, असा अनेकांचा समज असतो. भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासातील एक थोर नाव या समजाला छेद देते. राजा दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे जवाहिऱ्यांच्या जैन कुटुंबात झाला. रूडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते इंदूर येथे सरकारी बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीस लागले. छायाचित्रण त्यांनी नोकरी सांभाळून, तिशीच्या सुमारास सुरू केले. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांनी त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र चित्रशाळा उघडली. पडद्यातील स्त्रियांचेही चेहरे कुटुंबाच्या स्मरणात राहावेत, ही गरज त्या काळीही होती.

त्यांच्या काळी काचेच्या जड पट्ट्या वापराव्या लागत. एका पट्टीवर एकच चित्र उमटे. त्यामुळे चित्र घेण्यापूर्वी उजेड कोठून येतो, समोरची व्यक्ती कशी बसली आहे, मागे काय दिसते, हे सारे पाहूनच भिंगावरील झाकण निघत असे. आजच्या यंत्राने कष्ट वाचविले, पण त्याबरोबर ही पाहण्याची सवयही गेली. नवशिक्याने नेमकी तीच परत मिळवावयाची आहे.

उजेडाची पारख

व्यापारी कुटुंबांना ही पारख मुळीच परकी नाही. कापडाच्या दुकानात साडीच्या रंगाविषयी गिऱ्हाईक साशंक झाले, की दुकानदार साडी दाराशी नेऊन दाखवितो. दिव्याखाली रंग वेगळा दिसतो आणि दिवसाच्या उजेडात वेगळा, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. जवाहीरही खडा उजेडाकडे धरूनच पारखतो. छायाचित्राचा पहिला नियम याहून निराळा नाही. माणसालाही उजेडात नेऊनच पाहावे.

घरातील सर्वोत्तम उजेड बहुधा खिडकीचा असतो. थेट ऊन आत येत नसेल अशा खिडकीपासून दोन-तीन फुटांवर खुर्ची ठेवावी, आणि चेहऱ्यावर उजेड समोरून न येता थोडा तिरपा, बाजूने येईल अशा रीतीने व्यक्तीला बसवावे. चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरीवर हळुवार सावली पडते, आणि सुरकुत्यांसह चेहऱ्याला गोलाई प्राप्त होते. सावली फारच गडद वाटली, तर त्या बाजूस पांढरी चादर किंवा थर्माकोलचा तुकडा धरावा. परतलेला उजेड सावली सौम्य करतो. खोलीतील ट्यूबलाईट व पिवळे दिवे मात्र बंद करावेत. दोन रंगांचे उजेड एकत्र आले, की अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळा दिसू लागतो.

भर दुपारच्या उन्हात कोणालाही उभे करू नये. सूर्य डोक्यावर असता डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. अशा वेळी ओसरीची किंवा इमारतीची मोकळी सावली अधिक उपकारक ठरते. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या व्यक्तीचे चित्र काळवंडते, याचेही कारण हेच. कॅमेरा मागील प्रखर उजेडाला प्रमाण मानतो आणि चेहरा अंधारात टाकतो.

तीन खाती, एक ताळेबंद

कॅमेऱ्यावरील आकडे पाहून अनेक नवशिके बिचकतात. वास्तविक ज्याने कीर्द-खतावणी पाहिली आहे, त्याला हे गणित अवघड वाटण्याचे कारण नाही. चित्रात येणाऱ्या उजेडाची तीन खाती असतात. पहिले अॅपर्चरचे, म्हणजे भिंगातील छिद्र किती उघडे आहे याचे. दुसरे शटरचे, म्हणजे ते किती वेळ उघडे राहते याचे. तिसरे आयएसओचे, म्हणजे मिळालेल्या उजेडाचे बळ कॅमेरा किती वाढवितो याचे. एका खात्यात एक पायरी कमी केली, की दुसऱ्या खात्यात एक पायरी वाढवावी लागते. तरच ताळेबंद जुळतो.

खिडकीपाशी एफ ४, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ ४०० या मापांवर चित्र योग्य येत आहे, असे समजावे. आता आजोबांच्या मांडीवर नातू येऊन बसला आणि तो सारखा हलतो आहे. शटर १/२५० करावे लागेल, म्हणजे उजेड निम्मा होईल. ती तूट आयएसओ ८०० करून भरून निघते. उलट आजोबांमागील जुनी गादी आणि लाकडी पेटीही स्पष्ट दिसावयास हवी असेल, तर छिद्र लहान करून एफ ५.६ घ्यावे, तेथेही उजेड निम्मा होतो आणि पुन्हा आयएसओ ८०० लागतो. आकडा मोठा असता छिद्र लहान असते, एवढी एक गोष्ट सुरुवातीस उलटी वाटते.

कोणतेही खाते फुकट वाढत नाही. आयएसओ फार वाढविला, तर चित्रात वाळूसारखे कण दिसू लागतात. शटर फार मंद ठेवले, तर हात हलल्याने चित्र अस्पष्ट होते. छिद्र फार मोठे केले, तर डोळे स्पष्ट आणि कान धूसर अशी स्थिती होते. बहुतेक मोबाईलमध्ये छिद्र कायमचे ठरलेले असते आणि उरलेली दोन खाती यंत्र स्वतःच सांभाळते. तेथे डोळ्यांवर बोट टेकवून नेम धरावा, आणि पडद्यावरील सूर्याच्या चिन्हाने उजेड कमी-अधिक करावा.

येथे पांढऱ्या वस्त्रांचा प्रश्न उद्भवतो. कॅमेऱ्याचे उजेडमापक समोरच्या प्रत्येक दृश्याला मध्यम करड्या छटेकडे ओढते. पांढरे धोतर, सदरा आणि टोपी यांनी चौकट भरून गेली, की ते सारे मळकट दिसू लागते. अशा वेळी उजेड थोडा वाढवावा. याउलट काळोख्या भिंतीपुढे पांढरी साडी नेसलेल्या आजी बसल्या असतील, तर यंत्र काळोखाला उजळू पाहते आणि साडीची वीण पार नाहीशी होते. तेथे उजेड कमी करावा. अति उजळलेल्या भागातील गेलेला तपशील नंतर परत आणता येत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा किंचित कमी उजेडच पत्करावा.

जागा, पार्श्वभूमी आणि संभाषण

खुर्चीवर बसलेल्या वृद्धांचे चित्र उभे राहून घेतल्यास त्या खुज्या आणि केविलवाण्या दिसतात. घेणाऱ्याने स्वतः खाली बसावे आणि भिंग त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावे. मोबाईल चेहऱ्याच्या अगदी जवळ नेल्यास नाक मोठे आणि कान लहान दिसतात. त्याऐवजी पाच-सहा फूट मागे सरून दोन पटीचे भिंग निवडावे. बटण दाबण्यापूर्वी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवावी. डोक्यावर उगवलेले घड्याळ, लोंबणारी तार, वाळत घातलेला टॉवेल हे सारे एक पाऊल बाजूला सरताच नाहीसे होते.

यानंतर उरतो चेहऱ्यावरील भाव, आणि तो कोणत्याही बटणाने साधत नाही. “हसा” असे म्हटले, की वडीलधारी मंडळी अवघडतात. त्यांना बोलते करावे. दुकानाची पहिली पाटी कोणी रंगविली, पहिल्या दिवाळीला वहीपूजन कसे झाले, आठवड्याच्या बाजाराला माल कसा नेत असत, असे काही विचारावे आणि कॅमेरा तयार ठेवून ऐकावे. आठवण सांगता सांगता माणूस क्षणभर थांबतो आणि खिडकीबाहेर पाहतो. चित्र त्या क्षणी घ्यावे. आजोबांना नको असेल, थकवा असेल, तर त्या दिवशी कॅमेरा मिटवावा. घरातील माणसाचीही संमती असावी लागते.

सराव आणि जतन

सरावासाठी एक जुनी मर्यादा उपयोगी पडते. चौकोनी चित्रांच्या रोलवर एके काळी बाराच चित्रे निघत. नवशिक्यानेही एका बैठकीत बाराच चित्रे घ्यावीत असा नेम करावा. एकच खिडकी आणि एकच व्यक्ती निवडून सकाळी, दुपारी आणि सायंकाळी अशा तीन बैठका कराव्यात आणि प्रत्येक वेळेची नोंद वहीत करावी. तिन्ही वेळांची चित्रे शेजारी-शेजारी ठेवून पाहिली, की उजेड चेहरा कसा बदलतो हे कोणीही न सांगता उमगते. हाच अभ्यास दुकानातही कामास येतो. ज्याला खिडकीपाशी चेहरा नीट टिपता आला, त्याला गिऱ्हाइकाला मोबाईलवर पाठवावयाच्या साडीचा खरा रंगही टिपता येतो, आणि रंग वेगळा निघाल्याने माल परत येण्याचे प्रसंग कमी होतात.

बारांपैकी उत्तम ते एक निवडावे आणि बाकीची निःसंकोच काढून टाकावीत. निवडलेल्याच्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी, शक्य तर एक दुसऱ्या घरी, ठेवाव्यात. मोबाईल हरवतो, बिघडतो, बदलला जातो. शिवाय त्याची छापील प्रत काढावी आणि मागील बाजूस मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहावी. जुन्या पेट्यांतून निघणाऱ्या कित्येक सुंदर छायाचित्रांत कोण आहे हे सांगणारे आज घरात कोणी उरलेले नाही, आणि त्याला कारण केवळ न लिहिलेली एक ओळ आहे.

येत्या रविवारी सकाळी दुकान उघडण्याची घाई नसेल. चहा झाल्यावर खिडकीपाशी एक खुर्ची ठेवावी, दिवे मालवावेत, आणि आजींना तेथे बसावयास सांगावे. त्या म्हणतील, “आता या वयात माझा फोटो कशाला?” त्यांच्याशी वाद घालू नये. माहेरच्या घराविषयी एखादा प्रश्न विचारावा आणि त्या उत्तर देऊ लागल्या की पहिले चित्र घ्यावे.