नवा धंदा : हिशेब सुगीचा आणि पावसाळ्याचा

परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरील पिंगळीसारख्या गावात शिलाईचे, वेल्डिंगचे किंवा किराण्याचे दुकान टाकणारे अनेक तरुण बंधू आपल्या कामात तरबेज असतात. तरीही काही दुकानांना वर्षाच्या आतच कुलूप लागते. गिऱ्हाईक नव्हते, असे कारण सांगितले जाते. आमच्या मते बहुतेक वेळा गिऱ्हाईक असते, पण पैसा वेळेवर हाती नसतो. म्हणून हिशेब पहिल्या दिवसापासून मांडला पाहिजे.

शिलाईच्या दुकानाचे उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत; वाचकांनी आपापले आकडे घालावेत. समजा, दुकानभाडे १,५०० रुपये आणि वीजबिल ५०० रुपये. मशीन व फर्निचर ३०,००० रुपयांचे असून ते पाच वर्षे टिकेल असे धरले, तर महिन्याची झीज ५०० रुपये. यात स्वतःची मजुरी १०,००० रुपये मिळवली पाहिजे. ही रक्कम बहुतेक जण विसरतात. एकूण बांधील खर्च झाला १२,५०० रुपये.

आता एका ड्रेसची शिलाई ३५० रुपये आणि त्यात दोरा, अस्तर, बटणे व माल आणण्याचा खर्च मिळून १०० रुपये गेले, तर हाती २५० रुपये उरतात. म्हणजे महिन्याला ५० ड्रेस शिवले तर खर्च भागतो. नफा सुरू होतो तो एक्कावन्नाव्या ड्रेसपासून. स्वतःची मजुरी धरली नाही तर अकराव्या ड्रेसपासूनच नफा दिसू लागतो आणि माणूस फसतो.

शेजारच्या दुकानाला तोड देण्यासाठी भाव ३०० रुपये केला, तर हाती २०० रुपयेच उरतात आणि ५० ऐवजी ६३ ड्रेस शिवावे लागतात. ५० रुपयांच्या सवलतीची ही किंमत आहे. भाव कमी करण्यापूर्वी हे गणित मांडून पाहावे.

दुसरी बाब उधारीची. ५० पैकी १५ ड्रेस उधारीवर गेले, तर ५,२५० रुपये अडकतात. वहीत धंदा बरोबरीत दिसतो, पण गल्ल्यात दुकानभाड्यालाही पैसा नसतो. आपल्या भागात पैसा खेळतो तो सोयाबीन व कापूस विकल्यावर, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून. फेब्रुवारीत परभणीच्या हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाची गर्दी, नंतर लग्नसराई. जूनपासून मात्र शेतकऱ्याचा पैसा बियाणे-खतात जातो आणि उधारी मागणारे वाढतात. तेव्हा उधारीची मर्यादा आधीच ठरवावी, रक्कम व वायद्याची तारीख गिऱ्हाइकासमोर लिहावी आणि निदान दोरा-अस्तराचा खर्च निघेल एवढा बयाणा घ्यावा.

ईदच्या हंगामाकडेही याच नजरेने पाहावे. ईद दरवर्षी सुमारे १०-११ दिवस अलीकडे येते. २०१६ साली रमजान ईद ७ जुलैला, ऐन पेरणीच्या दिवसांत होती. २०२५ साली ती ३१ मार्चला आली. २०३० साली ती फेब्रुवारीच्या सुरुवातीस येईल, म्हणजे कापसाचा पैसा लोकांच्या हाती असताना. किती माल भरायचा हे मागच्या ईदवरून नव्हे, तर ईद कोणत्या महिन्यात आहे यावरून ठरवावे.

म्हणूनच सगळे भांडवल मशीन आणि काचेच्या कपाटात घालू नये. वरील उदाहरणात भाडे, वीज व घरखर्च मिळून महिन्याला १२,००० रुपये रोख लागतात. तीन महिन्यांचे ३६,००० रुपये पावसाळ्यासाठी बाजूला असलेच पाहिजेत. भांडवल कमी असेल तर जुन्या मशीनवर सुरुवात करावी, पण ही रक्कम मोडू नये. नातेवाइकाकडून कर्जे हसना घेतले असेल तर परतफेडीचा वायदा सुगीनंतरचा ठेवावा आणि तोही लिहून ठेवावा.

घराचा आणि दुकानाचा पैसा एका खिशात नको. स्वतःची मजुरी ठरल्या दिवशी घ्यावी. घरी जास्त नेलेला रुपयाही रोजमेळात लिहावा. रोज रात्री दुकान बंद करताना दहा मिनिटे वहीला द्यावीत. धंदा चालतो की केवळ चाललेला दिसतो, हे वहीच सांगते.