शून्य म्हणजे यश

रात्री दोन वाजता क्रॉनने चालवलेल्या बॅकअपसमोर कोणी बसलेलं नसतं. प्रोग्रामने पडद्यावर कितीही स्पष्ट संदेश लिहिला, तरी तो त्या क्षणी वाचणार कोण? बॅकअप चालवणारी स्क्रिप्ट एकच गोष्ट बघते: प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा, म्हणजे एक्झिट कोड. तरीही ‘चूक झाल्याचा संदेश छापला की आपलं काम झालं’ हा समज अनुभवी प्रोग्रामरांमध्येही पक्का बसलेला दिसतो.

वस्तुस्थिती अशी, की संदेश माणसासाठी असतो आणि कोड दुसऱ्या प्रोग्रामसाठी. युनिक्स आणि लिनक्सवर 0 म्हणजे यश, 1 ते 255 म्हणजे अपयश. शाळेत शून्य मिळालं की नापास, म्हणून नवख्यांना हे उलटं वाटतं. पण यश एकाच तऱ्हेचं असतं आणि अपयशाची कारणं अनेक, म्हणून हीच मांडणी सोयीची. शेलला कमांड सापडली नाही तर 127, सापडली पण चालवता आली नाही तर 126. कंट्रोल-सी दाबून थांबवली तर 130, म्हणजे 128 अधिक सिग्नलचा क्रमांक 2. या आकड्याला जागा आठच बिटांची असते. म्हणून ‘किती चुका झाल्या’ ती संख्याच कोड म्हणून देणं घातक आहे: 256 चुका झाल्या, तर शेलला 0 दिसतो!

गैरसमज: शून्य नाही म्हणजे बिघाडच. तसं नाही. ‘ग्रेप’ला शोधलेला शब्द मिळाला नाही तर तो 1 देतो, खरी अडचण आली, उदाहरणार्थ फाइलच उघडली नाही, तर 2. ‘डिफ’मध्येही 1 म्हणजे फक्त ‘फाइली वेगळ्या आहेत’.

गैरसमज: पाइपमधली एखादी कमांड फसली, तर सगळी ओळ फसते. माझ्या मते सर्वांत महाग पडणारा समज हाच. डेटाबेसचा डंप काढून तो पाइपमधून जीझिपकडे पाठवणारी ओळ असंख्य सर्व्हरवर आहे. समजा पासवर्ड बदलला आणि डंप काही न देताच थांबला. जीझिपने तर आपलं काम चोख केलं: काहीच आलं नाही, ते त्याने नीट आवळून ठेवलं. शेल शेवटच्या कमांडचा कोड धरतो, म्हणून निकाल 0. ‘सेट -ई’ लावलेलं असलं तरी स्क्रिप्ट थांबत नाही. रोज तारीख घातलेली फाइल तयार होते, आणि तिचा आकार असतो 20 बाइट. ही रिकामी पेटी आहे हे कळतं ते डेटा परत आणायची वेळ आल्यावर. यावर उपाय आहे ‘सेट -ओ पाइपफेल’. बॅशमध्ये तो कधीचा आहे. पॉझिक्स मानकात मात्र 2024 साली आला.

गैरसमज: चूक कुठेही छापली तरी चालते. स्टँडर्ड एरर हा वेगळा प्रवाह उगाच नाही. बेल लॅब्समध्ये फोटोटाइपसेटरवर मजकूर पाठवला, की कधीकधी ‘फाइल उघडता येत नाही’ एवढीच ओळ सुबक छापून हाती पडायची. त्यातून हा प्रवाह वेगळा झाला. चूक स्टँडर्ड आउटपुटवर छापाल, तर ती पुढच्या प्रोग्रामला डेटा म्हणून जाईल.

आणि छापणंही फसतं, हे तर बहुतेकांच्या गावीच नसतं. सी भाषेतला पहिल्या धड्याचा ‘हॅलो वर्ल्ड’ लिनक्सवर /डेव्ह/फुल या कायम भरलेल्या फाइलकडे वळवून पाहा. एक अक्षरही लिहिलं जात नाही, आणि कोड येतो 0.

तुमची बॅकअप स्क्रिप्ट आज एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन चालवा आणि लगेच $?, म्हणजे तिचा एक्झिट कोड, तपासा. तिथे 0 दिसला, तर आजवरच्या सगळ्या बॅकअप फाइली उघडून बघा.