गाळ्यातलं सीएनसी आणि पंधरा पावसाळे

वसई पूर्वेच्या गाळ्यांत लाकूड कोरणारं जुनं सीएनसी मशीन दिसलं, की त्याचं वय लोखंडावरून नव्हे, कंट्रोलवरून ओळखायचं. शेजारी विंडोज एक्सपीवर चालणारा कॉम्प्युटर असेल तर ते पहिल्या फळीतलं. पेन ड्राइव्ह लावून हातात धरायचा डीएसपी रिमोट असेल तर त्यानंतरचं. आणि तळहातावर मावेल अशा आर्डुइनो बोर्डावर चालणारं छोटं मशीन असेल, तर ते बहुधा कुणाच्या घरच्या ओसरीवरून आलेलं असतं.

आकड्यांच्या हुकमावर धातू कापणारं मिलिंग मशीन अमेरिकेत एमआयटीने १९५२ साली दाखवलं. ते घरच्या टेबलावर यायला अर्धं शतक उलटलं. २००९ साली सिमेन स्वाले स्कोग्सरुड या नॉर्वेच्या तरुणाने जीआरबीएल हा मोफत प्रोग्रॅम लिहिला आणि स्वस्त आर्डुइनोवर तीन अक्ष हलू लागले. त्याच वर्षी, ३ जुलैला, वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही, पण इथल्या सुतारकामाची पुढची वर्षं या दोन्हींनी घडवली. इमारती वाढल्या तशी दारं, देव्हारे आणि एमडीएफच्या जाळ्यांची मागणी वाढली. गोखिवरे, वालीव, सातिवलीच्या पट्ट्यात ‘तेरा-पंचवीस’ ही चिनी बनावटीची मशीनं स्थिरावली. १३०० बाय २५०० मिलिमीटरचा बेड, म्हणजे आठ बाय चार फुटांची अख्खी शीट बसते. ‘साठ-नव्वद’ आणि ‘तीस-अठरा’ ही धाकटी भावंडं घरांत शिरली. मोठ्या कारखान्याने मशीन बदललं, की जुनं छोट्या सुताराकडे जायचं. सेकंडहँडची ही साखळी आजही चालू आहे.

मागे वळून पाहिलं तर एक गोष्ट ठळक दिसते. या मशीनांचं लोखंड फारसं मेलं नाही. मेला तो त्याला चालवणारा कॉम्प्युटर.

पहिल्या फळीतल्या अनेक मशीनांना एनसी स्टुडिओचं पीसीआय कार्ड लागायचं, तर काहींना पंचवीस पिनांचा पॅरलल पोर्ट आणि मॅक-३ हे सॉफ्टवेअर. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार काढून घेतला. पुढे नव्या मदरबोर्डांवरून पीसीआयची खाचच गेली. ६४ बिटच्या विंडोजवर मॅक-३चा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर चालत नाही. त्यामुळे मदरबोर्ड जळाला, की धडधाकट मशीन उभं राहायचं. शहाण्या कारागिरांनी दोन वाटा काढल्या. काहींनी भंगारबाजारातून जुने कॉम्प्युटर सुट्ट्या भागांसाठी जमवून ठेवले. काहींनी मोटर आणि ड्रायव्हर तसेच ठेवून फक्त कंट्रोल बदलला. दुसरी वाट निःसंशय चांगली. अट एकच, जुन्या कॉम्प्युटरमधल्या सेटिंग आधी लिहून घ्यायला हव्यात. कोणत्या अक्षाला एका मिलिमीटरला किती स्टेप लागतात, हा आकडा हरवला तर मशीन चालतं, पण फूटभर म्हटल्यावर फूटभर कापत नाही. डिझाइनच्या सॉफ्टवेअरलाही हाच फटका बसला. ज्या आर्टकॅमवर इथल्या कोरीवकामाची एक पिढी शिकली, ते बनवणारी डेलकॅम कंपनी ऑटोडेस्कने २०१४ साली विकत घेतली आणि २०१८ मध्ये आर्टकॅम बंद केलं. नंतर ते कार्व्हेको या नावाने पुन्हा बाजारात आलं.

लोखंडाचा खरा शत्रू मात्र इथली हवा. जवळच खाडी आणि मिठागरं, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस. पण गंज नको म्हणून सरकत्या रेलवर तेलाचा हात फिरवून मशीन तसंच सोडलं, तर लाकडाची बारीक भुकटी त्या तेलात बसते आणि तिची खरखरीत लुगदी होते. ती रेलच्या ब्लॉकमध्ये शिरली की आतल्या गोळ्या अडखळतात. म्हणून आधी कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने भुकटी काढायची, रेल पुसायचे, मगच ब्लॉकच्या निपलमधून ग्रीस भरायचं. वसईच्या औद्योगिक पट्ट्यात शुक्रवार सुट्टीचा. ज्या गाळ्यांत त्यातला तासभर मशीनला मिळाला, तिथली मशीनं टिकली. बेडवरचा एमडीएफही पावसात फुगतो. जून-जुलैत त्यावर सपाट कटरचा एक हात फिरवला नाही, तर कोरीवकाम एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला उथळ येतं.

जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, वसई तुंबली. तळमजल्यावर मशीन ठेवणाऱ्याने त्यातून घ्यायचा धडा साधा आहे: कंट्रोल बॉक्स आणि कटर फिरवणाऱ्या स्पिंडलचा वेग ठरवणारा व्हीएफडी भिंतीवर छातीच्या उंचीला हवेत. पाणी शिरलंच, तर पूर्ण वाळल्याशिवाय वीज लावायची नाही. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ती पावसाळ्यापर्यंत लांबली. न चालवलेलं मशीन झिजत नाही असं वाटतं, पण ग्रीसचा पातळ थर न देता झाकून ठेवलेल्या बॉलस्क्रूवर गंज धरतो, आणि तो स्क्रू पुढे कायमचा आवाज करतो.

सेकंडहँड मशीनची सगळ्यात बोलकी तपासणी म्हणजे गोल कापून पाहणं. स्क्रू आणि नट यांच्यात ‘प्ले’ असेल, तर दिशा बदलताना मशीन क्षणभर जागेवरच राहतं आणि गोलाला चार ठिकाणी बारीक पायरी पडते. डायल गेज लावून अक्ष पुढे-मागे केला की ती ढिलाई शतांश मिलिमीटरमध्ये वाचता येते. सॉफ्टवेअरमध्ये त्याची भरपाई करता येते, पण तो तात्पुरता उपाय. नट बदलणंच योग्य. चौकोन कापून त्याचे दोन्ही कर्ण मापले, की बेडवरून सरकणारी कमान, म्हणजे गॅन्ट्री, काटकोनात आहे की नाही तेही कळतं.

मशीन ठरावीक जागीच झटके देत असेल, तर मोटरला दोष देण्याआधी ड्रॅग चेनमधली वायर तपासावी. वाकून वाकून आतली तार तुटलेली असते, बाहेरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. वीज चालू असताना स्टेपर मोटरची वायर काढली तर ड्रायव्हर जळू शकतो, हे नव्या माणसाला आधी सांगायला हवं. व्हीएफडी उघडायचा असेल तर वीज बंद करून काही मिनिटं थांबावं, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये भार उरलेला असतो. नेहमीचा स्पिंडल चारशे हर्ट्झला मिनिटाला चोवीस हजार फेरे घेतो. नव्या व्हीएफडीत ही सेटिंग न करता तो फिरवला, तर वायंडिंग जळू शकतं. पाण्यावर थंड होणाऱ्या स्पिंडलमध्ये बोअरचं खारट पाणी घातलं, तर आत क्षार साचतात. गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी फार तर शे-दोनशे रुपयांना मिळतं, नवा स्पिंडल काही हजारांना.

आता जुनं मशीन विकत घेताना जाणते लोक आधी वही मागतात: ग्रीस कधी भरलं, बेअरिंग कधी बदललं, स्टेपचे आकडे काय. वही नसेल तर कटर धरणारं कॉलेट उघडून आतला शंकू बोटाने पुसतात, स्पिंडल हाताने फिरवून आवाज ऐकतात, गोल आणि चौकोन कापून घेतात, आणि मगच भावाला बसतात.